अंकीय सही आणि परवलीचे वाक्य

कांदिवलीच्या पश्चिमेस चारकोप म्हणून जी मोठी वसाहत आहे, ती जागतिक बँकेच्या साह्याने १९८५ मध्ये हाती घेतलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात वसली. म्हाडाने लहान लहान भूखंड चौकांभोवती आखून दिले, त्यांवर कुटुंबांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बैठी घरे बांधली, पुढे मजले चढविले, आणि चौकाचौकाच्या सहकारी गृहनिर्माण संस्था झाल्या. अशा प्रत्येक संस्थेच्या कचेरीत, आणि कचेरी नसल्यास चिटणीसांच्या घरातील लोखंडी कपाटात, संस्थेचा शिक्का असतो. सभासदाला भाग प्रमाणपत्र द्यावयाचे तर त्यावर हा शिक्का उमटवून अध्यक्ष, चिटणीस आणि समितीचा एक अधिकृत सभासद अशा तिघांनी सह्या करावयाच्या असतात. कपाटाला कुलूप असते आणि कुलपाची किल्ली चिटणीसांच्या खिशात असते. रविवारी सकाळी एकामागून एक सभासद ना-हरकत दाखल्यासाठी येऊ लागले, म्हणजे दर वेळी उठून कुलूप काढण्याचा कंटाळा येतो. मग किल्ली कुलपातच राहते. दुपारपर्यंत राहते, संध्याकाळपर्यंत राहते, आणि एखादे दिवशी रात्रीही राहते.

अशाच एका चिटणीसांची कन्या संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम करते, अशी श्रोत्यांनी कल्पना करावी. आठवड्यातून तीन दिवस ती घरीच बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून काम करते, आणि दोन दिवस कांदिवलीहून गाडी पकडून कचेरीला जाते. तिच्या संगणकातही एक शिक्का आहे, त्या शिक्क्यालाही एक कुलूप आहे. आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा ते कुलूप तिला अडवून परवलीचे वाक्य विचारते. बापाला आलेला कंटाळा आणि लेकीला आलेला कंटाळा हे जातीने एकच होत. फरक एवढाच की, कपाटातला शिक्का चोरीस गेला तर तो गेल्याचे दिसते. संगणकातला शिक्का चोरीस गेला तरी जागच्या जागीच दिसत राहतो, कारण चोराने नेलेली असते ती त्याची नक्कल.

हा शिक्का कशासाठी लागतो, हे आधी पाहू. आज्ञावली लिहिणारी मंडळी आपल्या लेखनाचा इतिहास 'गिट' नावाच्या व्यवस्थेत ठेवतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये रचली. तिचे स्वरूप आपल्याकडील जुन्या रोजकीर्दीसारखे आहे. कीर्दीत जसे प्रत्येक पान मागील बाकी पुढे ओढून सुरू होते, तसेच येथे प्रत्येक नोंदीत मागील नोंदीचा ठसा लिहिलेला असतो. हा ठसा बहुधा चाळीस अक्षरांचा असून तो मजकुरावरून गणिताने काढतात. मागच्या एखाद्या नोंदीतले एक अक्षर जरी कोणी बदलले, तरी तिचा ठसा बदलतो, त्यामुळे तिच्या पुढचीचा बदलतो, आणि असे करीत अखेरच्या नोंदीपर्यंत सारी कीर्द बिघडल्याचे उघडकीस येते. या नोंदीला त्या धंद्यात 'कमिट' म्हणतात.

इतकी चोख कीर्द असूनही तिच्यात एक मोठी फट आहे. नोंद कोणी केली, हे नाव गिट कोणाकडून पडताळून घेत नाही. बसणारा आपले म्हणून जे नाव आणि जो पत्ता सांगेल, तेच ती मुकाट्याने लिहून घेते. चारकोपच्या टेबलाशी बसून कोणीही खुद्द टोरवाल्ड्स यांच्या नावाने नोंद करू शकतो, आणि ती वरवर पाहता खरीच भासेल. २०११ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सच्या मूळ संग्रहाच्या सेवायंत्रांत परक्यांनी शिरकाव केल्याचे उघडकीस आले, तेव्हा ठशांच्या साखळीमुळे जुना मजकूर गुपचूप बदलणे दुर्घट होते, हा मोठाच दिलासा होता. परंतु नवी नोंद नाव लिहिले आहे त्याचीच कशावरून, या प्रश्नाला साखळी उत्तर देऊ शकत नाही. जानेवारी २०१२ मध्ये निघालेल्या गिटच्या १.७.९ या आवृत्तीपासून प्रत्येक नोंदीवर अंकीय सही करण्याची सोय झाली.

अंकीय सही म्हणजे कागदावरच्या सहीचे चित्र नव्हे. येथे दोन किल्ल्यांची एक जोडी असते. एक गुप्त, ती मालकाने आपल्यापाशीच ठेवावयाची. दुसरी उघड, ती वाटेल त्याला द्यावी. गुप्त किल्लीने मजकुरावर सही होते आणि उघड किल्लीने ती कोणालाही तपासता येते. सही मजकुराशी इतकी जखडलेली असते की, मजकुरात काना-मात्रेचा फरक झाला तरी ती खोटी ठरते. 'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार मराठी माणसाला सांगावयास नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यामागे 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' केले गेले, अशी आख्यायिका आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तिच्यातला धोका खरा आहे: सही एकाची, शिक्का त्याचाच, आणि मधला शब्द मात्र दुसऱ्याचा. अंकीय सहीत हे साधत नाही. म्हणून 'ध'चा 'मा' करू इच्छिणाऱ्याला एकच मार्ग उरतो. त्याने मजकूर बदलावा आणि मालकाच्याच गुप्त किल्लीने पुन्हा सही करावी. सारा भार अशा रीतीने त्या एका किल्लीवर येऊन पडतो.

ती किल्ली संगणकात एका लहानशा दप्तरात, म्हणजे फाइलमध्ये, असते. फाइलची नक्कल करण्यास क्षणभरही लागत नाही. म्हणून किल्लीलाच कुलूप घालतात, आणि ते उघडण्याचे साधन म्हणजे परवलीचे वाक्य. पूर्वी छावणीत रात्रीच्या पहाऱ्यावर परवलीचा शब्द विचारीत. येथे एका शब्दाने भागत नाही, म्हणून वाक्य. कुलूपबंद फाइल चोराच्या हाती लागली, तरी वाक्य कळेपर्यंत तिचा त्याला उपयोग नाही. अर्थात वाक्य दुबळे असेल तर तो एकामागून एक लक्षावधी वाक्ये लावून पाहील. तुकोबांच्या अभंगाची ओळ किंवा शाळेतल्या प्रार्थनेचा चरण पाठ असतो म्हणून सोयीचा वाटतो. परंतु जो मालकाला पाठ, तो साऱ्या महाराष्ट्राला पाठ. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द फासे टाकून निवडावेत आणि ते रोमन अक्षरांत लिहावेत. प्रत्येक यंत्रावर देवनागरीची सोय असतेच असे नाही, आणि ऐन वेळी 'ळ' सापडला नाही म्हणून दाराबाहेर उभे राहण्यात शोभा नाही.

आता त्या वारंवार होणाऱ्या पृच्छेकडे वळू. सही करण्याचे काम बहुधा 'ग्नू प्रायव्हसी गार्ड' या आज्ञावलीकडे असते. जर्मनीतील वर्नर कॉख यांनी ती रचली आणि १९९९ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तिच्या हाताखाली 'जीपीजी-एजंट' नावाचा एक मुनीम असतो. गिटने सही मागितली की हा मुनीम 'पिनएंट्री' नावाची लहानशी खिडकी उघडून वाक्य विचारतो, आणि मिळालेले वाक्य काही काळ स्मरणात ठेवतो. किती काळ, याचे त्याला दोन नियम घालून दिलेले असतात, आणि घोळ होतो तो हे दोन नियम वेगळे आहेत हे न कळल्याने.

पहिला नियम ६०० सेकंदांचा, म्हणजे दहा मिनिटांचा. शेवटची सही होऊन दहा मिनिटे लोटली की मुनीम वाक्य विसरतो. मात्र त्या अवधीत पुन्हा सही झाली, तर दहा मिनिटांची मोजणी नव्याने सुरू होते. दुसरा नियम ७,२०० सेकंदांचा, म्हणजे दोन तासांचा. मधे कितीही सह्या झाल्या असोत, वाक्य दिल्यापासून दोन तास झाले की ते विसरावयाचेच. यावरून चमत्कारिक वाटणारी एक गोष्ट उलगडते. जो आठ-आठ मिनिटांनी नोंद करतो, त्याला दोन तास कोणी काही विचारीत नाही. जो विचार करकरून, लिहिलेले तपासून, वीस मिनिटांनी एक नोंद करतो, त्याला मात्र दर वेळी विचारले जाते. म्हणजे सावकाश व काळजीपूर्वक काम करणाराच अधिक गांजला जातो! चिटणीसांची कन्या या दुसऱ्या प्रकारात मोडते.

एके रात्री साडेअकराच्या सुमारास तिचे काम याहूनही विचित्र रीतीने अडले. दूरच्या एका यंत्राशी केवळ अक्षरी पडद्याने जोडून ती काम करीत होती. नोंद करू गेली, तो वाक्य विचारणारी खिडकी उघडलीच नाही. 'मजकुरावर सही होऊ शकली नाही' एवढेच कोरडे उत्तर आले. या उत्तराने पुष्कळांची रात्र वाया गेली आहे, आणि कारण मात्र साधे असते. वाक्य विचारावयाचे तर विचारणाऱ्याला माणूस कोठे बसला आहे हे ठाऊक हवे. अक्षरी पडद्यावर काम करताना मुनिमाला तो पडदा कोणता, हे सांगावे लागते. 'जीपीजी-टीटीवाय' या नावाच्या चलात चालू पडद्याचे नाव भरण्याची एक ओळ आपल्या शेलच्या आरंभ-फाइलमध्ये लिहून ठेवली, म्हणजे हा रोग जातो. दूरच्या यंत्रावर चित्रमय खिडकी नेमलेली असेल, तर ती कधी कधी त्या यंत्राच्याच पडद्यावर उघडते. तेथे समोर कोणी नसते, आणि मुनीम रिकाम्या खुर्चीला वाक्य विचारीत बसतो. अशा वेळी अक्षरी पडद्यावर विचारणारी पिनएंट्री नेमावी.

परंतु रात्री साडेअकराला हे कोण शोधीत बसतो? सकाळी चहा घेताना तिने वडिलांना म्हटले, "बाबा, मी आता ते वाक्यच काढून टाकते. माझे घर, माझा संगणक. कोण येतो किल्ली चोरायला?"

"म्हणजे किल्ली कुलपातच ठेवावयाची म्हण ना, बाळ!"

"तुम्हीसुद्धा रविवारी तेच करता, बाबा."

चिटणीसांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

कन्येच्या मनात आलेला हा उपाय तिच्या धंद्यात विरळा नाही. वाक्य काढून टाकले की कुलूप गेले. मग फाइलची एक नक्कल म्हणजे साक्षात मालकाचा हात. दुसरा उपाय याहून भोळा: दोन्ही नियमांत वर्षभराचे सेकंद भरून टाकणे. आणि तिसरा सर्वांत वाईट, कारण तो हुशारीचा वाटतो. वाक्य एखाद्या आज्ञावलीतच लिहून ठेवावयाचे, किंवा आज्ञेच्या ओळीत जोडून द्यावयाचे. आज्ञेच्या ओळीत लिहिलेले त्याच यंत्रावरील दुसऱ्या आज्ञावलींना पाहता येते, शेलच्या इतिहासात ते साठून राहते, आणि अशी फाइल एखादे दिवशी गिटच्या कीर्दीतच नोंदली गेली, तर गुपित जगाला वाटल्यासारखे होते. कीर्दीतले खोडून टाकणे किती कठीण, ते वर आलेच आहे.

या तिन्ही उपायांत समजुतीचा एकच दोष आहे. वाक्याची पृच्छा ही मालकाची ओळख मुनिमाला पटावी म्हणून केलेली औपचारिकता आहे, असे मानले जाते. वस्तुतः ती एक वेगळाच प्रश्न विचारते: या क्षणी टेबलाशी कोण बसले आहे? किल्ली मालकाची असणे आणि ती फिरविणारा हात मालकाचा असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. संगणक उघडा ठेवून मनुष्य दाराशी भाजी घ्यावयास गेला, तर किल्ली त्याचीच राहते. हात कोणाचाही असू शकतो. म्हणून पृच्छा दर मिनिटाला नको आणि कधीच नको असेही नको. माणूस टेबलाशी नव्याने येऊन बसतो तेव्हा ती व्हावी, आणि तो बसलेला असेपर्यंत होऊ नये. हे तंतोतंत साधणे मुनिमाला शक्य नाही, कारण त्याला घड्याळाखेरीज काही दिसत नाही. पण घड्याळ माणसाच्या बैठकीशी जुळवून घेता येते.

ज्याची नोंद वीस मिनिटांनी होते, त्याने पहिल्या नियमात, म्हणजे 'डिफॉल्ट-कॅश-टीटीएल' या ओळीत, १,८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास, लिहावा. दुसऱ्यात, म्हणजे 'मॅक्स-कॅश-टीटीएल' या ओळीत, सकाळच्या एका बैठकीपुरते चार तास, म्हणजे १४,४०० सेकंद, पुष्कळ झाले. मग सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा विचारले जाईल. मधे कोणाचा फोन लांबला तर आणखी एकदा. नियम बदलल्यावर मुनिमाला ते पुन्हा वाचण्याची आज्ञा द्यावी लागते, नाहीतर तो जुन्याच हुकमाने वागतो आणि बदल लागू झाला नाही म्हणून माणूस चिडतो. या आज्ञेचा आणखी एक गुण आहे. ती मिळताच मुनीम स्मरणातली सारी वाक्ये विसरून जातो. संगणक पिशवीत घालून कांदिवली स्थानकाकडे निघण्यापूर्वी ही एक आज्ञा द्यावी. टेबलावरून उठताना पडद्याला कुलूप घालणे तर आवश्यकच. सकाळच्या गर्दीच्या गाडीत, खांद्याला खांदा लागलेला असताना, परवलीचे वाक्य टाइप करू नये, हेही येथेच सांगितलेले बरे.

जुन्या नोंदींची फेरमांडणी करताना तीस-चाळीस नोंदी पुन्हा लिहिल्या जातात आणि प्रत्येकीवर नवी सही लागते. मुनिमाची स्मृती अजिबात बंद ठेवणाऱ्या अतिसावध माणसाला त्या वेळी चाळीस वेळा वाक्य द्यावे लागते, आणि पाचव्या-सहाव्या वेळेपासून तो खिडकीतला मजकूर न वाचताच बोटे चालवू लागतो. ही सवय पृच्छा नसण्याइतकीच घातक आहे, कारण त्या खिडकीत कोणत्या किल्लीसाठी वाक्य मागितले जात आहे, ते किल्लीच्या मालकाच्या नावासह लिहिलेले असते. ज्या वेळी काही करीत नसताना खिडकी उघडली, त्या वेळी 'रद्द' दाबून, मागणारा कोण याचा शोध घ्यावा. मात्र सही कोणत्या मजकुरावर होत आहे, हे ती खिडकी सांगत नाही. तो मजकूर आधीच डोळ्यांखालून घालणे मालकाकडेच राहते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये निघालेल्या गिटच्या २.३४ या आवृत्तीपासून 'एसएसएच' जातीच्या किल्लीनेही नोंदीवर सही करता येते. दूरच्या यंत्राशी जोडण्यासाठी ही किल्ली बहुतेकांपाशी असतेच, म्हणून हा मार्ग सोपा वाटतो, आणि आहेही. परंतु तिचा मुनीम निराळा आहे. त्याला मुदत सांगितली नाही तर तो किल्ली आपण होऊन विसरत नाही. तो चालू आहे तोवर ती उघडीच. किल्ली त्याच्या हाती देतानाच चार तासांची मुदत सांगावी, म्हणजे झाले.

याहून भक्कम व्यवस्था म्हणजे किल्ली संगणकात न ठेवता एका लहानशा टोकनमध्ये ठेवणे. सही टोकनच्या आत होते, किल्ली बाहेर येतच नाही, आणि चुकीचा आकडा ठरावीक वेळा दिला की टोकन बंद पडते. आपल्या देशात हे साधन नवे नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अंकीय सहीला मान्यता दिली. कंपन्यांची विवरणे अशाच टोकनने सही होऊन जातात, आणि महाराष्ट्रात सातबाराचा उताराही अंकीय सहीचा मिळू लागला आहे. तथापि साधन भक्कम झाले म्हणून माणूस भक्कम होतो असे नाही. संचालकांचे टोकन हिशेबनिसाच्या खणात, आणि त्याला रबराने गुंडाळलेल्या चिठीवर त्याचा आकडा, हे दृश्य आपल्या शहरांत अगदीच अपरिचित आहे असे कोणी म्हणू नये. अशा टोकनने केलेली सही संचालकांची की हिशेबनिसाची, हे गणिताला विचारून कळणार नाही.

सही खरी असली म्हणजे मजकूर प्रामाणिक असतो, हाही एक गैरसमज आहे. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत एक चोरवाट घातलेली सापडली. ती घालणारा परका घुसखोर नव्हता. खोट्या वाटणाऱ्या नावाने दोनेक वर्षे काम करून विश्वास संपादन केलेला तो अधिकृत व्यवस्थापकच होता, आणि त्या आवृत्त्यांवर त्याची स्वतःची रीतसर सही होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्राशी जोडताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवल्यामुळे ही चोरवाट उजेडात आली. सहीने तेथे आपले काम चोख केले होते. ते काम एवढेच की, हे याच किल्लीने झाले.

राहिली एक गोष्ट. परवलीचे वाक्य विसरले तर ते परत मिळवून देणारी कचेरी नाही. वाक्य बदलता येते, पण जुने ठाऊक असेल तरच. आणि ज्याने जुन्या वाक्यासह फाइलची नक्कल आधीच पळविली, त्याच्या नकलेवर या बदलाचा काहीच परिणाम होत नाही. त्यासाठी किल्ली रद्द केल्याचे जाहीर करावे लागते. ग्नू प्रायव्हसी गार्डच्या अलीकडच्या आवृत्त्या किल्ली तयार करतानाच तिचे रद्दपत्रही तयार करून ठेवतात. मात्र ते त्याच संगणकात पडून राहते, आणि संगणक गाडीत राहिला तर त्याच्याबरोबर तेही जाते. चिटणीसांच्या कन्येने ते कागदावर छापून घेतले, पाकिटात घालून वर तारीख लिहिली, आणि संस्थेच्या कागदपत्रांशेजारी लोखंडी कपाटात ठेवावयास वडिलांकडे दिले. वडिलांनी पाकीट ठेवून कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली.